अर्जदाराचे डोके आढळत नाही

लाल शाईत एवढंच लिहिलं होतं : ‘छायाचित्रात अर्जदाराचे डोके आढळत नाही. सुधारून सादर करावे.’

सासरेबुवांनी तो कागद एकदा चष्मा लावून वाचला, एकदा चष्मा काढून वाचला आणि मग जावयाच्या चहाच्या कपाखाली सरकवला.

“जावईबापू, अठ्ठ्याहत्तर वर्षं हे डोकं खांद्यावर घेऊन फिरतोय. आजवर कुणाची तक्रार नव्हती. तुम्ही एक फोटो काढलात आणि ते हरवलं.”

जावईबापू म्हणजे फोकसराव. हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापे खात्याच्या कचेरीत त्यांनी एकदा साहेबांच्या निरोपसमारंभाचा ग्रूप फोटो काढला होता. त्यात साहेबांसकट एकोणीस माणसं धुक्यात होती आणि मागच्या टेबलावरचा पाण्याचा जग असा लख्ख आला होता की त्यावरच्या ओरखड्यांची मोजदाद करता यावी. तेव्हापासून खात्यात त्यांना फोकसराव म्हणू लागले. त्यांनी ती पदवी समजून स्वीकारली. काही माणसांना कौतुक आणि टवाळी यांतला फरक कळत नाही. फोकसरावांना कळत होता, पण मोठ्या मनाने त्यांनी तो बाजूला ठेवला होता.

सासरेबुवांच्या डोक्याविषयी मात्र दोन शब्द सांगणं भाग आहे. टक्कल पुष्कळांना पडतं. सासरेबुवांनी ते कमावलं होतं. बत्तीस वर्षं रोज सकाळी तलावात पोहायचं, बाहेर येऊन तेलाचा हात फिरवायचा आणि मग टॉवेलने घासायचं, अशा मेहनतीने त्याला इतकी झिलई आली होती की समोरच्याने त्यात बघून भांग पाडावा. या डोक्यावर फ्लॅशचा उजेड पडला की तो तिथे थांबत नसे, आल्या वाटेने कॅमेऱ्यात परत जाई. घरातल्या झाडून सगळ्या अल्बममध्ये दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा एक दिवा असायचा. नातवंडं लहान असताना फोटोतल्या त्या दिव्यावर बोट ठेवून ‘आजोबा’ म्हणायची, आणि दिवा लागला की त्यालाही ‘आजोबा’ म्हणायची.

अर्ज होता जलतरण तलावाच्या सभासद कार्डाच्या नूतनीकरणाचा. मुदत शुक्रवारी दुपारी एकपर्यंत. त्यानंतर सभासदत्व रद्द आणि नाव प्रतीक्षा यादीच्या तळाशी. यादी दोन वर्षांची होती.

सासरेबुवांनी मनातल्या मनात बेरीज केली.

“म्हणजे ऐंशी,” ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण मग त्यांनी बिनसाखरेचा चहा शेवटपर्यंत प्यायला आणि तो बिनसाखरेचा आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. फोकसरावांच्या बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे असं बघितलं की फोकसरावांनी कपाखालचा कागद मुकाट्याने खिशात घातला.

खरं तर घरालाही तलावाची तितकीच गरज होती. जुनं कार्ड महिनाअखेरीला संपलं होतं आणि एक तारखेपासून सासरेबुवा घरातच पोहत होते. म्हणजे हॉलच्या दारापासून स्वयंपाकघरातल्या फ्रिजपर्यंत आणि परत, अशा चाळीस फेऱ्या, हात फिरवत, मान एकाआड एक डावी-उजवीकडे वळवून श्वास घेत. फ्रिजपाशी पोचले की दोन्ही तळव्यांनी त्याला जोर देऊन ते वळत.

“बाबा, फ्रिज कशाला ढकलता?” लेक विचारी.

“वळताना भिंतीला पाय द्यायचा असतो. तुझ्या फ्रिजची काळजी म्हणून हात देतोय.”

आठ दिवसांत फ्रिज चार इंच सरकला होता. आता त्याचं दार ओट्याला अडून अर्धंच उघडत होतं. या फेऱ्यांची वेळ नेमकी फोकसरावांच्या कचेरीत जायच्या घाईची. टॉवेल गुंडाळून ते न्हाणीघरातून बाहेर पडले की समोरून आवाज येई, “कडेने, कडेने! आमच्या लेनमध्ये येऊ नका.”

तेव्हा सोमवारी संध्याकाळी बायकोने निकाल दिला. “एक तर बाबांना तलाव मिळवून द्या, नाहीतर फ्रिज बाल्कनीत नेऊन ठेवा.”

“मग दोन गल्ल्या सोडून एखादा फोटो स्टुडिओ असेल ना,” असं वाचकांच्या मनात आलं असेल. ते बायकोच्याही आलं होतं. पण त्या स्टुडिओवाल्याने सासरेबुवांना एकदा ‘आजोबा, टोपी घालून येता का?’ असं विचारलं होतं, आणि तेव्हापासून ते त्या फुटपाथवरूनही जात नसत. शिवाय त्याच स्टुडिओवाल्याला फोकसरावांनी चार लोकांत ‘झेरॉक्सवाला’ म्हटलेलं होतं. दोन पिढ्यांचा स्वाभिमान असा एकाच दुकानाच्या आड आला होता. फोटो घरीच निघणार, हे ठरलं.

मंगळवारी वरच्या मजल्यावरचे ओव्हरसिअर आले. हे रस्ते खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी केलेल्या रस्त्यांविषयी लोक फारसं बरं बोलत नसत, पण सल्ला मात्र ते पक्का देत.

“डोक्याला पावडर फासा,” ओव्हरसिअर म्हणाले. “चकाकी ही शेवटी पृष्ठभागाची समस्या आहे.”

पावडर फासली. मागे पडदा म्हणून पांढरी चादर टांगलेली. नियमच होता तसा, पांढरी पार्श्वभूमी. आता पांढऱ्या चादरीपुढे पांढरं डोकं. फोटोत भुवयांच्या वर काहीच नव्हतं. भुवया मात्र हवेत तरंगत असलेल्या दोन पाकोळ्यांसारख्या सुरेख आल्या होत्या. दुसऱ्या फोटोच्या वेळी सासरेबुवा शिंकले आणि हॉलमध्ये ढग उठला. तिसऱ्या वेळी फ्लॅशला रुमाल बांधला. रुमाल पिवळा होता. कावीळ झालेल्या माणसाला पोहायला घेतात की नाही, याविषयी नियमात काही नव्हतं, पण विषाची परीक्षा नको म्हणून तोही फोटो बाद झाला.

बुधवारी सकाळी कचेरीत उशिरा येत असल्याचं कळवून फोकसराव कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने हकिकत ऐकली आणि काचेखालून पांढऱ्या, दुधाळ प्लॅस्टिकचं एक टोपण काढून ठेवलं.

“डिफ्यूझर. फ्लॅशच्या तोंडावर बसवायचा. उघडा फ्लॅश म्हणजे साहेब, तोंडावर मारलेली पाण्याची बादली. हा लावला की शॉवर.”

ही उपमा फोकसरावांनी घरी येऊन जशीच्या तशी ऐकवली. पाण्याचा विषय असल्यामुळे सासरेबुवांना ती एकदम पटली. बायको हातातल्या वस्तूकडे बघत होती.

“साबणाची डबी आणलीत?”

“हे प्रकाश मऊ करायचं साधन आहे.”

“झाकण नाही वाटतं तिला.”

वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस कुठलीच वस्तू विश्वासावर घेत नाही. फोकसरावांनी एक वही काढली, मधोमध उभी रेघ मारली, डाव्या रकान्याला ‘फायदे’ आणि उजव्याला ‘तोटे’ असं डोकं दिलं. मग झोपायच्या खोलीत चादर टांगून, डिफ्यूझर चढवून त्यांनी एकच फोटो काढला.

आणि डोकं आलं!

नुसतं आलं नाही, तर गोल, गव्हाळ, कडेने हलकी सावली असलेलं, हात फिरवावासा वाटेल असं डोकं आलं. कानामागची काळी सावली गेली. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. गालांच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या बसल्या. घरच्या प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला तेव्हा लेक तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बापाचं संपूर्ण डोकं तिने फोटोत पहिल्यांदाच बघितलं होतं.

सासरेबुवा बराच वेळ फोटो धरून बसले.

“बरा दिसतो की मी,” ते म्हणाले. मग लगेच सावरून, “तुमच्यामुळे नव्हे. डबीमुळे.”

फोकसरावांनी डाव्या रकान्यात लिहिलं : ‘१. डोके आढळते. २. वय वीस वर्षांनी कमी. ३. सासरे खूश.’ उजवा रकाना कोरा होता. उजवे रकाने सुरुवातीला कोरेच असतात.

तलावाच्या कार्यालयात खिडकीमागे एक बाई बसत. काळ्या दांडीचं भिंग, लाल पेन आणि अकरा नियमांचा कागद, एवढंच त्यांचं सामान. त्यांनी फोटोवरून भिंग फिरवलं आणि मान हलवली.

“डोकं आलं. छान आलंय. व्रण कुठाय?”

“कसला व्रण?” फोकसराव म्हणाले.

“ओळखीची खूण : कपाळावर डाव्या भुवईच्या वर दीड इंच व्रण. तुम्हीच लिहिलंय. नियम सात. खूण फोटोत दिसली पाहिजे.”

फोकसरावांनी खिडकीतून वाकून बघितलं. कपाळ लोण्यासारखं गुळगुळीत होतं. सुरकुत्यांबरोबर व्रणही इस्त्रीखाली गेला होता.

“पहिल्या फोटोत होता तो,” बाई म्हणाल्या, “पण तेव्हा डोकं नव्हतं.”

“मग दोन्ही फोटो लावून घ्या ना. एकात डोकं, एकात व्रण.”

“अर्जदार एकच आहे ना?”

आता सासरेबुवाच पुढे झाले आणि त्यांनी कपाळ खिडकीच्या गजांना टेकवलं. “हा घ्या व्रण. भिंग लावून बघा.”

“आजोबा, दिसतोय मला. पण मी माणसं तपासत नाही, फोटो तपासते. माणसं तपासायला डॉक्टर येतात, पुढच्या गुरुवारी.” मग त्या खाली वाकून जरा हळू आवाजात म्हणाल्या, “शुक्रवारी एकच्या आत आणा. मी वाट बघते. वरून यादीची तपासणी होते हो, नाहीतर मी कशाला अडवते?”

हे ऐकल्यावर त्यांच्यावर रागावण्याचीही सोय उरली नाही. फोकसरावांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

एवढ्यात घरी भलतंच घडून बसलं होतं. वीस वर्षांनी लहान झालेले सासरेबुवा बायकोने शेजारी दाखवले होते. फोकसराव संध्याकाळी कचेरीतून आले तर जिन्यात माणसं. सगळ्यात पुढे ओव्हरसिअरांच्या सौभाग्यवती, नव्या साडीत.

“भाऊजी, त्या डबीतून माझा एक काढा. फक्त हनुवटीखालचं तेवढं जाऊ दे.”

खरा छायाचित्रकार अशा वेळी म्हणाला असता, ‘वहिनी, माझ्यापुढे मोठं काम आहे.’ फोकसरावांच्या आयुष्यात मात्र आपल्या कॅमेऱ्यापुढे रांग लागण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आजवर त्यांनी कॅमेरा काढला की माणसं पाणी प्यायला उठत. त्यांनी नऊ कुटुंबांचे फोटो काढले. हनुवट्या गेल्या, डाग गेले, एका गृहस्थाची मिशीसुद्धा जरा विरघळली. चहा आला. कुणीतरी ‘सर’ म्हणालं. डिफ्यूझर अर्धाअधिक उजेड स्वतःच गिळतो आणि फ्लॅशला दुप्पट राबावं लागतं, ही गोष्ट फोकसरावांच्या लक्षात आली होती. पण सर म्हणवून घेताना ती वहीत टिपायला वेळ झाला नाही.

लोक पांगल्यावर त्यांनी सासरेबुवांना हॉलमध्ये बसवलं. ओव्हरसिअरांचा सल्ला असा की डबी काढा, फ्लॅशचं तोंड छताकडे करा, उजेड छतावरून येऊ द्या. सल्ला शास्त्रशुद्ध होता. हॉलचं छत मात्र गेल्या वर्षी उरलेल्या पिस्ता रंगाने रंगवलेलं होतं, आणि तो रंग ओव्हरसिअरांच्याच घरातला उरलेला होता. सासरेबुवा हिरवे आले. व्रणही हिरवा आला. पाण्याखाली आठवडाभर राहिलेल्या माणसाचा फोटो तलावाच्या कार्यालयात नेणं बरं दिसलं नसतं.

गुरुवारी फोकसरावांनी रजा टाकली. रजेच्या अर्जात ‘सासऱ्यांच्या डोक्याचं काम’ असं कारण लिहिलं, त्यामुळे साहेबांनी काळजीने फोन केला आणि चांगल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव सुचवलं.

सकाळी गच्ची झाली. उघड्यावर डिफ्यूझरचा उपयोग शून्य, कारण त्यातून चहूकडे सांडलेला उजेड परत यायला ना भिंत ना छत. उजव्या रकान्यात भर पडत होती. नंतर अर्धा डिफ्यूझर झाला, म्हणजे डबी तिरकी चढवून. अर्धं डोकं आलं. मग ओव्हरसिअर थर्माकोलचे दोन ताव आणि तीन चादरी घेऊन आले आणि झोपायच्या खोलीत त्यांनी तंबू ठोकला. तंबू रस्त्यांपेक्षा बराच टिकला, म्हणजे तासभर. कोसळला तेव्हा आत सासरेबुवा होते. चादरीखालून त्यांचा संथ आवाज आला : “घाई नाही. मला श्वास रोखायची सवय आहे.”

बायकोने भुवया कोरायची पेन्सिल आणली.

“एक रेघ ओढू? व्रणाच्या वरूनच. कोण बघतंय?”

ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या तराजूंखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढलं, तो आज सासऱ्याच्या कपाळावर रेघ ओढणार? फोकसरावांचा हात क्षणभर पेन्सिलीकडे गेलाही. पण सासरेबुवांनीच ती लेकीच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

“खरा व्रण असताना खोटा काढायचा? हा काय असा तसा व्रण आहे? बुडणाऱ्या पोराला वाचवताना झालाय.”

ही कथा घरातल्या सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी, खोल पाणी, बुडणारा मुलगा, सासरेबुवांची झेप, कठड्याचा मार, रक्त, आणि मुलाच्या आईने धरलेले पाय. दरवर्षी पाणी जरा खोल व्हायचं आणि मुलगा जरा जड.

“पण एक आहे,” लेक व्रणाकडे बघत म्हणाली. “बाबांना राग आला ना, की हा लाल होतो. लांबून दिसतो.”

सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि तोही डिफ्यूझरशिवाय. डबी चढवायची, म्हणजे डोकं येईल. सासरेबुवांना राग आणायचा, म्हणजे व्रण येईल.

फोकसरावांना हे काम सोपं वाटलं. सासूबाई गेल्यावर सासरेबुवा इथे राहायला आले, तेव्हापासून सहा वर्षं त्यांना ते न ठरवता जमत आलं होतं. पण ठरवून राग आणायला गेलं की तो येत नाही. लेक म्हणाली, “बाबा, तुमचा रेडिओ मी भंगारात दिला.” सासरेबुवा म्हणाले, “बरं केलंस, खरखरत होता.” फोकसराव म्हणाले, “बाबा, तुमची पेपरातली कोडी रोज मी आधीच सोडवून खोडून ठेवतो.” सासरेबुवा हसले. “तरीच उत्तरं चुकीची असतात.”

तेव्हा ओव्हरसिअर अगदी मनापासून, कुणालाही डिवचायचा हेतू नसताना म्हणाले, “मी म्हणतो, या वयात तलाव हवाच कशाला? गच्चीवर प्लॅस्टिकचा टब ठेवतो. पाय बुडवून बसा सकाळचे. तेवढाच गारवा.”

व्रण उमटला. आधी गुलाबी, मग लाल, भुवईच्या वर वीज चमकावी तसा. फोकसरावांनी बटण दाबलं. फ्लॅश उडालाच नाही. नऊ कुटुंबांच्या हनुवट्या घालवून त्याचे सेल मान टाकत होते, आणि डबीपायी दुप्पट राबून तो आता दमल्या माणसासारखा बारीक शीळ घालत दम खात बसला होता. तो सावध होईपर्यंत व्रण विझला.

“टब,” फोकसराव घाईघाईने म्हणाले. “बाबा, टब! पाय बुडवून!”

“ऐकलं मी.” सासरेबुवांनी डोळे मिटले. “बसेन टबात. काय करणार? ऐंशी म्हणजे तसं काही कमी नाही. बास करा आता.” आणि ते खुर्चीतून उठायला लागले.

या सगळ्या भानगडीत सासरेबुवा ‘बास’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. ते पावडरीत शिंकले होते, हिरवे झाले होते, तंबूखाली गाडले गेले होते. पण बास म्हणाले नव्हते. फोकसरावांना ते सोसेना, आणि सोसेना की त्यांचा आवाज चढतो, हा त्यांचा जुना दोष होता.

“बसा खाली!” ते ओरडले. सासऱ्याला जन्मात पहिल्यांदा. “टबात बसेन म्हणे! आणि ते बुडणाऱ्या पोराचं खरं सांगू का? मला सगळं माहिती आहे. पोर नव्हतंच. उथळ बाजूला सूर मारलात तुम्ही. कमरेइतक्या पाण्यात! घाटदार सूर मारून दाखवायला गेलात आणि तळाला डोकं आपटलंत!”

ओव्हरसिअरांच्या हातातला थर्माकोल खाली पडला. लेक म्हणाली, “बाबा?”

व्रण लाल झाला नाही, तो पेटला. दीड इंच, डाव्या भुवईच्या वर, नियम सातमध्ये लिहिल्याबरहुकूम. फ्लॅशची शीळ थांबली होती. फोकसरावांनी बटण दाबलं.

उजेड मऊ पडला आणि गेला.

“कुणी सांगितलं?” सासरेबुवांनी विचारलं.

“सासूबाईंनी,” फोकसराव खाली बघत म्हणाले. “आमचं ठरलं तेव्हाच. म्हणाल्या, घरात येताय तर एवढं ठाऊक असू दे, आणि माझ्या मागे कुणाला सांगू नका. पायऱ्यांवर बसल्या होत्या म्हणे त्या. त्यांना दाखवायलाच सूर होता.”

“रुमाल तिनेच बांधला.” सासरेबुवांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. “आणखी काय म्हणाली?”

“म्हणाल्या, आपटले ते आपटले. पण सूर देखणा होता.”

सासरेबुवा खुर्चीत बसले. व्रण हळूहळू निवला. मग ते असे हसायला लागले की खुर्ची करकरायला लागली, आणि कपाळावरचा हात त्यांनी काही काढला नाही.

शुक्रवारी बारा चाळीसला खिडकीतल्या बाईंनी भिंग फिरवलं.

“डोकं आहे. व्रण आहे. पार्श्वभूमी पांढरी आहे.” भिंग थांबलं. “नियम नऊ. चेहऱ्यावर कोणतेही भाव नसावेत. हे तर संतापलेले दिसतात.”

“छे हो,” लेक पुढे होऊन म्हणाली, “हा बाबांचा रोजचाच चेहरा. मी जन्मापासून बघतेय.”

बाईंनी सासरेबुवांकडे बघितलं. बुधवारी गजांना टेकलेला हा चेहरा त्यांनी अगदी जवळून बघितला होता. त्यांनी लाल पेनाचं टोपण बंद करून निळं उघडलं आणि सही ठोकली. कार्ड तयार झालं, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, गरमागरम बाहेर आलं.

शनिवारी सकाळी फोकसराव मुद्दाम सोबत गेले. आपली कलाकृती पहिल्यांदा दाखवली जाते त्या वेळी कलावंताने हजर असावं, अशी त्यांची समजूत. फाटकावरच्या रखवालदाराने कार्ड हातात घेतलं. वर ट्यूबलाइट होती. तिचा उजेड प्लॅस्टिकवर पडला, आणि भुवयांच्या वरचं सगळं पांढरंफटक झालं. रखवालदाराने कार्ड डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं. दिवा इकडून तिकडे सरकला, इतकंच.

“आजोबा, डोकं दिसत नाही यात.”

फोकसरावांनी टाचा उंचावून ट्यूबलाइटच्या आड हात धरून बघितला.

“जाऊ दे,” रखवालदार कार्ड परत देत म्हणाला. “बत्तीस वर्षं बघतोय तुम्हाला. कार्ड कोण बघतं? जा आत, पाणी गार आहे.”

सासरेबुवा पायऱ्या उतरून कठड्याशी गेले. तिथे थांबून त्यांनी पाटीवरची खोली नीट वाचली, एकदा जावयाकडे वळून बघितलं, आणि सूर मारला. फोकसरावांना पोहण्यातलं काही कळत नव्हतं. पण सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं.

घरी येऊन त्यांनी फ्रिज चार इंच मागे ढकलला, निवांत अंघोळ केली आणि कॅमेऱ्याची बॅग आवरायला घेतली. डिफ्यूझर कुठे सापडेना. कपाटात नाही, पलंगाखाली नाही. शोधता शोधता बाल्कनीच्या दोरीवर सासरेबुवांची पोहण्याची पिशवी वाळत घातलेली दिसली, तिच्या तोंडाशी काहीतरी पांढरं, दुधाळ. आत हिरव्या साबणाची ओली वडी अगदी मापात बसली होती. न डगमगता, न घसरता, कोपऱ्याला कोपरा लावून.

वजनमापाच्या दृष्टीने त्यात काढण्यासारखं काहीच नव्हतं. फोकसरावांनी वही उघडली. उजवा रकाना एव्हाना पानाच्या तळापर्यंत भरला होता. डाव्या रकान्यात चार नंबर घालून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘साबण बसतो.’